पहिली सिगारेट कुणाबरोबर

सिगारेट ओढणाऱ्या मुलाला मुजावर मॅडमनी 'का ओढतोस' असं विचारल्याचं मला आठवत नाही. त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा. "पैली कुणाबरोबर ओढलीस?"

मुलगा गडबडायचा. उपदेश ऐकून घ्यायच्या तयारीनं उभा असायचा तो, आणि समोरून हे भलतंच यायचं. मग त्याला आठवावं लागायचं, आणि आठवता आठवता चेहरा बदलायचा. कुणाला थोरला भाऊ आठवायचा. कुणाला मामाच्या लग्नातली गच्ची. कुणाला होस्टेलचा पहिला आठवडा, खोलीतल्या सगळ्यांनी ओढली म्हणून आपणही पुढं केलेला हात. एकदा एक मुलगा म्हणाला, "कुणाबरोबर न्हाय मॅडम, एकट्यानंच." नंतर स्टाफरूमकडं येताना मला म्हणाल्या, "मानेसर, एकट्यानं सुरू केलेल्याची मला जास्त भीती वाटती."

मॅडमना जाऊन आता काही वर्षं झाली. मी अजून त्याच कॉलेजात भूगोल शिकवतो. दरवर्षी तंबाखूविरोधी दिवस आला की सभागृहात काळ्या पडलेल्या फुफ्फुसांची चित्रं दाखवली जातात आणि मला त्यांची आठवण येते.

मी मूळचा नगरकडचा. तासिका तत्त्वावर नेमणूक मिळाली म्हणून कोल्हापुरात आलो. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एक बाई मोठ्यानं कुणाला तरी सांगत होत्या, "मी काल गेलतो की बँकेत, साहेब जाग्यावरच न्हाय." एवढी शिकलेली बाई स्वतःबद्दल 'मी गेलतो' म्हणते याचं मला नवल वाटलं. इथल्या बायका सर्रास असं बोलतात हे नंतर कळलं. त्या बाई म्हणजे शमीम मुजावर, मानसशास्त्राच्या प्राध्यापिका. वर्गात मात्र त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी असायची. 'आपण पाहिलं', 'मी सांगते', सगळं पुस्तकातलं. घंटा झाली, वर्गाचा उंबरा ओलांडला, की 'हाय' आणि 'न्हाय' परत.

ठेंगण्या होत्या. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायांत पुरुषी वाटाव्यात अशा जाड कोल्हापुरी चपला. पर्समध्ये भडंगाचा डबा कायम. स्कूटी इतकी सावकाश चालवायच्या की राजारामपुरीच्या गल्ल्यांत रिक्षावाले मागून हॉर्न वाजवून कंटाळायचे. स्वतः त्या हॉर्न वाजवत नसत. पुढं कुणी आडवं उभं असलं तर गाडी थांबवून म्हणायच्या, "पावणं, जरा सरकता का?" आणि तो सरकेपर्यंत थांबायच्या. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी खोदून विचारलंच तर सांगायच्या, "ऱ्हाऊन गेलं." पुढं विषय नाही.

सिगारेटचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलेलं नव्हतं. कॉलेजला कुठूनसं पत्र आलं होतं, विद्यार्थी धूम्रपान का करतात याची पाहणी करा म्हणून. मानसशास्त्र विभाग त्यांचा, त्यामुळं काम त्यांच्याकडं. त्यांनी प्रश्नावली काढली, वर्गावर्गांत वाटली, गोळा केली. मी कागद लावायला मदत करत होतो. चाळता चाळता त्या हसायला लागल्या. कारणाच्या रकान्यात जवळजवळ प्रत्येकानं एकच शब्द लिहिला होता, 'टेन्शन'.

"बघा की," त्या म्हणाल्या. "ह्यातल्या निम्म्या पोरांना टेन्शनचं स्पेलिंगसुद्धा येत न्हाय. पण लिवायला सोपं पडतंय. बाप मारतोय, पोरगी सोडून गेली, पेपर ऱ्हायलाय, करमत न्हाय, सगळं त्या एका शब्दात कोंबलंय. हे वाचून मला काय कळणार?"

अहवाल द्यायचा तो त्यांनी दिला. आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला म्हणाल्या, "चला, च्या पिऊन येऊ."

कॉलेजच्या मागं एक बोळ आहे. तो ओलांडला की, म्हणजे सिगारेट विकायला कायदा कॉलेजपासून जेवढं अंतर सांगतो ते कसंबसं संपलं की, एक टपरी होती. चहा, बिस्किटं, सिगारेट. समोर दोन बाकडी. आम्ही गेलो तेव्हा सात-आठ मुलं होती. मॅडमना बघताच हात पाठीमागं गेले, एकानं पेटती सिगारेट चपलेखाली दाबली, एकाला ठसका लागला. मॅडम बाकड्यावर बसल्या, चहा सांगितला आणि डबा उघडला.

"ओढा की. मी काय पोलीस हाय व्हय?"

कुणी ओढेना. कुणी जाईना पण. त्यांनी भडंगाचा डबा पुढं केला. मुलांनी लाजत लाजत मूठभर घेतलं. त्या दिवशी सिगारेटचा विषय निघालाच नाही. कुणाचं गाव कुठलं, कुणाची एसटी किती वाजता सुटते, एवढंच झालं.

मग त्या रोज जायला लागल्या. कधी मी बरोबर असायचो, कधी नसायचो. टपरीवाला अण्णा कुरकुरायचा, "मॅडम, तुम्ही बसला की माझी पाकिटं खपंनात." त्या म्हणायच्या, "च्या खपतोय की दुप्पट." आठवड्याभरात मुलं बोलायला लागली, आणि त्यांचा तो एक प्रश्न तिथंच जन्माला आला.

स्टाफरूममध्ये चर्चा झालीच. एक ज्येष्ठ प्राध्यापक एकदा म्हणाले, "मॅडम, शिक्षकानं टपरीवर बसणं शोभत नाही. मुलांना बोलायचं असेल तर केबिनला येतील." मॅडमनी शांतपणे विचारलं, "तुमच्या केबिनला कोण आलतं ह्या महिन्यात?" ते वर्तमानपत्र चाळायला लागले. त्यांना दुखवायचा मॅडमचा हेतू नव्हता. त्या खरंच विचारत होत्या, आणि उत्तराची वाट बघत होत्या. हा त्यांचा स्वभाव काही लोकांना फार जड जायचा.

त्यांच्यामुळं सगळी मुलं सुधारली असं काही झालं नाही. बरीच मुलं त्यांना बघून पलीकडच्या बोळातल्या टपरीवर जायला लागली. मॅडमना ते ठाऊक होतं. "जाईनात का," त्या म्हणायच्या. "मी दोन्हीकडं बसू शकत न्हाय."

शेवटच्या वर्षातली एक मुलगी एकदा त्यांच्या केबिनमध्ये आली. मी तिथं काही कागद द्यायला गेलो होतो. मी उठायला लागलो तर ती मुलगीच म्हणाली, "बसा सर, तुम्हाला पण कळणारच हाय." क्लासच्या मैत्रिणींबरोबर रंकाळा तलावावर गेली असताना तिनं सिगारेट ओढली होती. तिथं भेटलेल्या एका वर्गमित्रानं सगळ्यांचा सेल्फी काढला होता. आता तो मुलगा म्हणत होता, मी सांगेन तिथं भेटायला ये, नाहीतर फोटो घरी पाठवतो. तिचे वडील हुपरीच्या बाजूच्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवायचे. फोटो गेला तर शिक्षण बंद होईल आणि महिन्याभरात लग्न लावतील, याबद्दल तिला शंका नव्हती. हे सांगताना ती रडली नाही. हातातल्या ओढणीचं टोक मात्र पार चुरगाळून टाकलं होतं.

मॅडमनी तिला सिगारेटबद्दल एक शब्द विचारला नाही. फोटो बघायला मागितला. त्या मुलानं धमकीबरोबर तिलाच पाठवला होता. चष्मा कपाळावर सरकवून मॅडमनी फोन डोळ्यांजवळ नेला आणि बोटांनी फोटो मोठा केला.

"हा फोटो त्यानं स्वतःच काढलाय न्हवं? कडेला तोच हाय. त्याच्या बोटात काय हाय ते बघितलंस का?"

मुलीनं बघितलं. त्याच्या बोटांतही पेटती सिगारेट होती. भीतीपोटी तिला ती दिसलीच नव्हती.

त्या मुलाला मॅडमनी दुपारी बोलावून घेतलं. दार उघडंच ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "तिच्या घरी पाठवणार हायस तर तुझ्या बी घरी पाठवू. नंबर मी ऑफिसातनं काढून ठेवलाय. दोन्ही घरी एकदमच जाऊ दे." मुलगा म्हणाला, "मॅडम, माझं काय एवढं न्हाय, मी मुलगा हाय." मॅडम म्हणाल्या, "तेच तर. तुझं काय न्हाय म्हणूनच तू हे धाडस केलंस. आता ऐक. हे जे तू तिला लिवलंयस ते सिगारेटपेक्षा लई वाईट हाय, आणि ते पोलिसांना दाखवायला मी स्वतः येणार." त्यानं त्यांच्यासमोर फोटो काढून टाकला, त्या मुलीची माफी मागितली. मॅडमनी तरीही त्याच्या वडिलांना बोलावलंच. "फोटो गेला, पण पोराच्या डोक्यातलं गेलं का न्हाय ते बापाला कळाय पायजे," असं म्हणाल्या. ती मुलगी आज बँकेत आहे. ओढते की नाही मला माहीत नाही. मॅडमनीही कधी विचारलं नसणार.

पण मॅडम म्हटलं की मला पहिल्यांदा ओंकार आठवतो.

ओंकार राधानगरीकडचा, शेतकरी घरातला. फुटबॉल उत्तम खेळायचा. कोल्हापुरात पेठापेठांतून फुटबॉलचं वेड आहे. शहरातल्या एका संघानं त्याला बोलावून घेतलं होतं, त्याच जोरावर आमच्या कॉलेजात प्रवेश आणि होस्टेल मिळालं होतं. दुसऱ्या वर्षी एका सामन्यात गुडघा गेला. ऑपरेशन झालं, चालायला लागला, पण पहिल्यासारखं पळता येईना. संघातून नाव हळूहळू बाजूला पडलं. रोज संध्याकाळी मैदानावर जाणारा मुलगा खोलीत बसायला लागला, मग गच्चीवर. रेक्टरना त्याच्या गादीखाली सिगारेटची पाकिटं सापडली. याआधी दोनदा समज दिलेली होती. शिस्त समितीपुढं प्रकरण आलं आणि त्याला होस्टेलमधून काढायचं ठरल्यात जमा होतं.

समितीत मॅडम होत्या, मी नवखा सदस्य होतो. ओंकारचे वडील गावाहून आले होते. पांढरी टोपी, स्वच्छ पण विटका सदरा. बाहेर व्हरांड्यात ते तळहातावर तंबाखू मळत उभे होते, आत बोलावल्यावर त्यांनी ती घाईनं खिशात टाकली. पाकिटं टेबलावर ठेवलेली बघून ते उठले आणि त्यांनी मुलावर हात उगारला. मॅडम मध्ये आल्या.

"पावणं, बसा. मारून सुटत असती तर आमी इथं कशाला बसलो असतो?" मग सहज विचारावं तसं, "तुमी कवापास्नं खाताय?"

ते ओशाळले. "ल्हानपणापास्नं जी. औतामागं जायचो तवापास्नं."

"सोडून बघितली कधी?"

"बघितली की. ऱ्हात न्हाय."

"त्याला सांगितलंय का कधी हे?"

वडिलांनी मुलाकडं बघितलं. मुलगा पहिल्यांदाच वर बघत होता.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, भावना समजते, पण नियम आहेत. उद्या सगळं होस्टेल ओढेल."

"काढा की," मॅडम म्हणाल्या. "पण काढल्यावर तो कुठं ऱ्हाणार तेवढं सांगा. गावाकडनं रोज येणं जमणार न्हाय. तो राजारामपुरीत खोली घेणार, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरांबरोबर. तिथं ना रेक्टर, ना मेस, ना विचारणारं कोण. इथं तो गच्चीवर जाऊन चोरून ओढतोय. तिथं चोरायची बी गरज न्हाय."

प्राचार्य माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पेन खाली ठेवलं. "जबाबदारी कोण घेणार?"

"मी घेतो," मॅडम म्हणाल्या. प्राचार्यांनी ते तसंच इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं.

बाहेर पडल्यावर मॅडम ओंकारला आणि मला घेऊन टपरीवर आल्या. नेहमीचा प्रश्न विचारला. ओंकार म्हणाला, "संघातल्या पोरांबरोबर. ऑपरेशन झाल्यावर भेटायला आलती. त्या दिवशी बरं वाटलं मॅडम. वाटलं, अजून त्यांच्यातलाच हाय मी." मग थोड्याशा रागानंच म्हणाला, "तुमी सगळ्यांना विचारताय. तुमची पैली कुणाबरोबर?"

मी चपापलो. मॅडमनी चहाचा पेला बाकड्यावर ठेवला.

"अब्बांच्या बरोबर," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील हुपरीला चांदीचं काम करायचे. घरातच कारखाना, म्हणजे पुढची खोली. पैंजणाच्या कड्या जोडायच्या, एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात ज्योतीची नळी. हात मोकळा नसायचा. मग म्हणायचे, "शम्मो, एक लगा दे बेटा." ही सहा-सात वर्षांची पोर पाकिटातून सिगारेट काढायची, शेगडीच्या निखाऱ्यावर धरायची आणि पेटवून त्यांच्या ओठांत ठेवायची.

"नुसती निखाऱ्यावर धरून सिगारेट पेटत न्हाय रे," मॅडम म्हणाल्या. "आपण ओढाय लागती. ठसका लागायचा, अब्बा हसायचे. घरात भावंडं पाच. पण हे काम माझं. दुसऱ्या कुणी केलेलं मला खपायचं न्हाय." मग त्यांनी पुढं सांगितलं, "मी दहावीला असताना अब्बा खोकून खोकून गेले. चांदीच्या धुरानं का सिगारेटनं, डॉक्टर म्हणले दोन्हीनं. त्यातल्या किती मी पेटवून दिल्या असतील, सांग. पण अजून कुठं तो वास आला की मला पैल्यांदा अब्बांची मांडी आठवती, मग खोकला. हे असंय. म्हणून मी कुणाला म्हणत न्हाय की सिगारेट वाईट हाय, टाकून दे. तिच्यासंगं काय काय टाकाय लागणार हाय, ते आधी बघाय लागतंय."

उठताना ओंकारनं तिघांचे पेले उचलून अण्णाकडं दिले.

मॅडमचं म्हणणं असं की या पोराची संध्याकाळ रिकामी झाली आहे, तिच्यात काहीतरी भरलं पाहिजे. त्या जिमखान्याच्या सरांकडं गेल्या. मुलींचा फुटबॉल संघ त्याच वर्षी काढला होता, शिकवायला कुणी नव्हतं. ओंकार म्हणाला, "पोरींना? मी न्हाय." मॅडम म्हणाल्या, "एक दिवस जा, नुसता बघून ये." तो गेला. मुली बॉल असा काही मारत होत्या की त्याला बघवेना. तो मैदानात उतरला तो उतरलाच.

सिगारेट सुटल्यात जमा होती, पण मधे एकदा गाडी घसरली. परीक्षेच्या दिवसांत तो मैदानामागं जाऊन ओढून आला आणि मुलींना पास शिकवायला उभा राहिला. सानिका म्हणून कप्तान होती, तोंडाची फटकळ. सगळ्यांसमोर म्हणाली, "दादा, वास येतोय. आमाला पळायला सांगतोस आणि तू हे करतोस व्हय?" तो तसाच मॅडमकडं आला. दारात उभा राहून म्हणाला, "माझ्याच्यानं व्हणार न्हाय. तुमचं नाव खराब करतोय मी. होस्टेल सोडतो."

मॅडम पेपर तपासत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "मधे किती दिवस ओढली नव्हतीस?"

"लई दिवस."

"ते दिवस कुठं गेले न्हाईत, ते तुझ्याच खात्यात हाईत. उद्यापास्नं पुढचे टाक. आणि सानिकाला सांग, पुन्हा वास आला तर पुन्हा बोल म्हणून. तिनं बोलायचं बंद केलं तर काळजी कर."

तो पुन्हा मैदानावर गेला. पुढं आणखी एक-दोनदा घसरला, असं त्यानंच मला सांगितलं. आता तो वारणानगरकडच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. मागं भेटला तेव्हा म्हणाला, "सुटली सर. पण अजून मॅच हरली की हात खिशाकडं जातोय."

निवृत्त झाल्यावर मॅडम हुपरीला धाकट्या भावाकडं राहायला गेल्या. कोल्हापुरातला फ्लॅट विकून टाकला, एकटीला नको म्हणाल्या. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मी एका दुपारी एसटीनं त्यांना भेटायला गेलो. पुढच्या खोलीत भावाचा कारखाना. सुना आणि शेजारच्या बायका जमिनीवर बसून पैंजणांना घुंगरू ओवत होत्या आणि मॅडम त्यांच्यात मांडी घालून बसलेल्या. काम त्यांना नीट जमत नव्हतं. त्यांनी ओवलेलं एक सून परत उसवत होती आणि दोघी हसत होत्या. थकल्या होत्या. हृदयाचं दुखणं निघालं आहे हे त्यांनी मला सांगितलं नाही, भावानं सांगितलं.

जेवण झालं. मी नको म्हणत असताना मला सोडायला स्टँडपर्यंत आल्या. सावकाश चालत होत्या, वाटेत प्रत्येक दाराशी थांबत होत्या. स्टँडवर पोचलो तर गाडी सुटायच्या बेतात. मॅडम सरळ दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तर, थांबवा जरा, माझा पावणा हाय," असं कंडक्टरला म्हणाल्या आणि मी चढेपर्यंत हलल्या नाहीत.

मी खिडकीशी बसलो. मला वाटलं आता हात हलवतील. पण स्टँडच्या बाकावर एक म्हातारी बाई गाठोडं मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. तिनं मॅडमना गाडीबद्दल काहीतरी विचारलं. मॅडमनी पाटीकडं बघून तिला सांगितलं. तेवढ्यावर थांबलं असतं. पण त्यांनी आणखी काहीतरी विचारलं असावं, कारण म्हातारीनं गाठोडं बाजूला सरकवलं, आणि मॅडम पदर सावरून तिच्या शेजारी बसल्या. गाडी निघाली तेव्हा म्हातारी हातवारे करत बोलत होती. माझ्याकडं दोघींचंही लक्ष नव्हतं.